दप्तराचे दार उघडणारा पाद्री

सरकारी कचेरीतला कागद कोणाचा? सरकारचा, की ज्यांच्या पैशावर सरकार चालते त्या जनतेचा? आपल्याकडे या प्रश्नाला कायद्याचे उत्तर मिळाले ते १२ ऑक्टोबर २००५ रोजी माहितीचा अधिकार अधिनियम पूर्णपणे अमलात आला तेव्हा. त्याच्या काही वर्षे आधी महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला होता आणि राजस्थानातील खेड्यांमध्ये मजुरांनी हजेरीपटाच्या नकला मागत मोठे आंदोलन उभे केले होते. अमेरिकेने असा कायदा १९६६ मध्ये केला. पण या साऱ्यांच्या कितीतरी आधी, २ डिसेंबर १७६६ रोजी, स्वीडनच्या राज्यात सरकारी दप्तर सामान्य माणसाला खुले करणारा कायदा जारी झाला होता. जगातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा मानला जातो. त्या वेळी पुण्यात थोरले माधवराव पेशवे राज्य सांभाळीत होते आणि बंगालची दिवाणी ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती जाऊन जेमतेम वर्ष लोटले होते.

हा कायदा घडवून आणण्यात ज्याचा वाटा सर्वांत मोठा, तो अँडर्स शिडेनियस हा राजधानीपासून फार दूर, बोथ्नियाच्या आखाताच्या काठी असलेल्या एका लहानशा गावातला दुय्यम पाद्री होता. फिनलंडमध्ये त्याचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. स्वीडनमध्येही तो आपलाच मानला जातो. कारण फिनलंड तेव्हा स्वीडनच्याच राज्याचा भाग होता.

शिडेनियसचा जन्म २६ फेब्रुवारी १७२९ रोजी सोत्कामो या गावी झाला. वडील जेकब हेही पाद्रीच. त्यांची बदली पुढे कुसामो येथे झाली. ध्रुववृत्ताच्या जवळचा हा मुलूख म्हणजे लांबलचक हिवाळा, तुटपुंजे पीक आणि मैलोगणती पसरलेले पाइनचे जंगल. पीक बुडाले की उपासमार ठरलेली. अशा प्रदेशात वाढलेल्या मुलाला दारिद्र्य पुस्तकातून शिकावे लागत नाही. तुर्कू आणि अप्साला या दोन विद्यापीठांत त्याचे शिक्षण झाले. धर्मशास्त्राबरोबर गणित आणि निसर्गविज्ञानाचीही त्याला गोडी लागली. १७५३ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, कोक्कोला शहराजवळच्या नेडरवेटिल या गावच्या छोट्या चर्चमध्ये त्याची नेमणूक झाली. दोन वर्षांनी एका व्यापाऱ्याच्या मुलीशी, बियाटा मेलबर्ग हिच्याशी, त्याचा विवाह झाला. त्यांना मूल झाले नाही.

नेडरवेटिलमधला हा पाद्री केवळ प्रार्थना आणि प्रवचने यांत रमणारा नव्हता. दलदलीतले पाणी काढून त्याने तेथे शेती केली. नवी पिके आणि नव्या पद्धती स्वतःच्या शेतात आधी करून पाहिल्या. गावात डॉक्टर नव्हता, तेव्हा औषधे तोच तयार करी. देवीच्या रोगावर टोचण्याची पद्धत त्या काळात युरोपात नवी आणि वादग्रस्त होती. ती त्याने आपल्या भागात आणली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियाही तो करी. लोकांच्या अडचणी अशा घरोघरी जाऊन पाहिल्यावर त्या कोठून उगम पावतात, याचा विचार त्याच्या मनात सुरू झाला. तो विचार त्याला थेट स्टॉकहोमच्या व्यापाऱ्यांपाशी घेऊन गेला.

या भागातील शेतकऱ्यांचा आधार होता डांबर. पाइनची लाकडे मंद आचेवर जाळून काढलेले हे डांबर जहाजांच्या लाकडाला आणि दोरखंडांना लावण्यासाठी साऱ्या युरोपला हवे असे. ब्रिटनसारख्या दर्यावर्दी राष्ट्राचे आरमार त्यावाचून चालणे कठीण होते. इतकी मागणी असलेला माल पिकवणारा शेतकरी मात्र कंगालच राहिला. याचे कारण सरकारी नियमांत होते. आखाताच्या उत्तर भागातील बंदरांना परदेशांशी थेट व्यापार करण्याची मुभा सतराव्या शतकापासून नव्हती. माल आधी राजधानीकडे पाठवायचा, तेथील व्यापारी ठरवतील तो भाव घ्यायचा आणि परतीच्या फेरीत मीठ आणायचे तेही त्यांच्याच भावाने. थंड प्रदेशात मासे आणि मांस टिकवायचे तर मीठ लागतेच, त्यामुळे ते महाग झाले की त्याची झळ प्रत्येक घराला बसे. मिठाचे राजकारण भारतीय वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

या बंदीविरुद्ध आखाताकाठच्या शहरांनी आवाज उठवला, तेव्हा शिडेनियस त्यात पुढे होता. १७६५ च्या जानेवारीत स्टॉकहोम येथे स्वीडनची संसद, म्हणजे रिक्सडाग, भरली आणि आपल्या भागातील पाद्र्यांचा प्रतिनिधी म्हणून तो राजधानीत दाखल झाला. त्याचे वय तेव्हा पस्तीस होते.

त्या काळची रिक्सडाग चार वर्गांची होती : सरदार, धर्मगुरू, शहरी व्यापारी आणि शेतकरी. राजा नामधारी होता. खरी सत्ता या चार वर्गांच्या आणि त्यांतील दोन पक्षांच्या हाती होती. एकाचे नाव ‘हॅट’, दुसऱ्याचे ‘कॅप’. नावे विनोदी वाटली तरी भांडण गंभीर होते. हॅट पक्षाने सुमारे पाव शतक सत्ता भोगली होती. दोन युद्धे ओढवून घेतली होती आणि त्यांचा खर्च भागवण्यासाठी इतके कागदी चलन काढले होते की महागाईने लोक हैराण झाले होते. बड्या कारखानदारांना आणि व्यापाऱ्यांना सरकारी कर्जे व सवलती मिळत होत्या. पण त्यांचा हिशेब विचारायचा कोणाला? राज्याचे परराष्ट्र व्यवहार, तिजोरी आणि बँक यांचा कारभार गुप्त समिती नावाच्या एका समितीकडे असे. या समितीत सरदार होते, धर्मगुरू होते, व्यापारी होते. शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना मात्र तीत स्थान नव्हते. लोकसंख्येत ज्यांचा भरणा सर्वांत मोठा, कर भरणाऱ्यांत जे बहुसंख्य, त्यांनाच पैशाचे काय झाले हे कळण्याचा मार्ग बंद होता. त्यातच छपाईवर सेन्सॉर बसलेला. कोणतेही पुस्तक किंवा पत्रक छापण्याआधी सरकारी सेन्सॉरची मंजुरी लागे.

या कोंडीवर शिडेनियसच्या आधीही काहींनी बोट ठेवले होते. अँडर्स नॉर्डनक्रान्ट्झ या लेखकाने नोकरशाहीतील भ्रष्टाचार आणि गुप्तता यांचे नाते सविस्तर मांडले होते. हेलसिंकीत जन्मलेल्या पीटर फोर्सकॉल या तरुणाने १७५९ मध्ये नागरी स्वातंत्र्यावर एक छोटी पुस्तिका छापली आणि ती तत्काळ जप्त झाली. कार्ल लिनियस या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाचा हा शिष्य पुढे डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या संशोधन मोहिमेत सामील झाला आणि १७६३ मध्ये येमेनमध्ये तापाने मरण पावला. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट अशी, की त्याच मोहिमेतला एकटा वाचलेला सदस्य कार्स्टन निबूर त्यानंतर मुंबईला आला आणि त्याने घारापुरीच्या लेण्यांची मोजमापे घेऊन चित्रे काढली.

स्टॉकहोममध्ये पाऊल ठेवल्यापासून शिडेनियसने लेखणी हाती धरली ती खाली ठेवलीच नाही. १७६५ या एका वर्षात त्याच्या अनेक पुस्तिका प्रसिद्ध झाल्या. एका पुस्तिकेत त्याने परदेशी जहाजांच्या वाहतुकीवर १७२४ मध्ये घातलेल्या निर्बंधांवर हल्ला चढवला. या निर्बंधांनी देशाचे जहाजधंदे वाढले, हा सरकारी दावा. तर मूठभर जहाजमालक श्रीमंत झाले आणि मीठ महागले, हे शिडेनियसचे प्रतिपादन. राजधानीत त्याच्यावर उत्तरांचा भडिमार झाला आणि दूर उत्तरेकडचा हा अनोळखी पाद्री एकदम चर्चेचा विषय बनला. त्याच वर्षी त्याची ‘राष्ट्रीय लाभ’ ही पुस्तिकाही निघाली. प्रत्येकाला आपला धंदा मोकळेपणाने करू दिला तर राष्ट्राचे हित आपोआप साधते, सरकारने कोणा एकाला सवलती देऊन दुसऱ्याचे हात बांधू नयेत, हा तिचा आशय. ॲडम स्मिथचा सुप्रसिद्ध ग्रंथ यानंतर अकरा वर्षांनी आला. त्यामुळे शिडेनियसला उत्तरेचा ॲडम स्मिथ म्हणण्याची प्रथा पडली आहे. ती फारशी न्याय्य नाही. स्मिथ प्राध्यापक होता, शास्त्र रचत होता. शिडेनियसला डांबर विकणाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न सोडवायचा होता. आणि तो बऱ्याच अंशी सुटलाही. १७६५ संपण्यापूर्वी कोक्कोलासह आखाताकाठच्या काही शहरांना परदेशी व्यापाराचा हक्क मिळाला.

पण त्याचे खरे काम त्यापुढचे. लेखन व मुद्रणाच्या स्वातंत्र्यासाठीचे निवेदन १७६५ मध्ये धर्मगुरूंच्या वर्गापुढे आले. ते सादर केले पोर्वो येथील प्रतिनिधी अँडर्स क्राफ्टमान याने. मजकूर मात्र शिडेनियसचा होता. पुढे या विषयासाठी नेमलेल्या समितीत त्याला स्थान मिळाले आणि कायद्याच्या मसुद्यावर त्याचा ठसा उमटला. समितीतील ज्येष्ठांची मने वळवणे सोपे नव्हते. त्यासाठी त्याने नाना युक्त्या योजल्या. चीनमधील लेखनस्वातंत्र्याचे वर्णन करणारा एक डॅनिश मजकूर १७६६ मध्ये स्वीडिश भाषेत छापून प्रसिद्ध केला. हे वर्णन चीनमधील वस्तुस्थितीला किती धरून होते, हा प्रश्न वेगळा. पण एवढ्या मोठ्या साम्राज्याचा सम्राटही टीका ऐकून घेतो, तर आपल्याला भीती कसली, हा मुद्दा त्यातून वाचकाच्या मनावर ठसत होता. आयुष्याच्या उत्तरार्धात लिहिलेल्या आत्मवृत्तात त्याने या रिक्सडागमध्ये आपण सर्वाधिक कष्ट घेतले ते याच कामासाठी, असे नमूद केले आहे.

हा कायदा आजही वाचण्यासारखा आहे. पंधरा कलमांच्या या कायद्याने सेन्सॉरचे पद रद्द केले. धर्मविषयक ग्रंथांची पूर्वतपासणी मात्र कायम राहिली. पाद्र्यांच्या त्या सभागृहात याहून पुढे जाणे शक्यही नव्हते. राज्याची मूलभूत व्यवस्था, राजघराणे आणि व्यक्तींची बदनामी यांबाबत मर्यादा घातल्या गेल्या. त्या मर्यादा सोडून इतर सारे छापण्यास मोकळे. पण केवळ छापण्याची मोकळीक देऊन भागणार नव्हते. सरकारी कारभाराविषयी लिहायचे तर लिहिणाऱ्याच्या हाती कागद हवा. कागद नसेल तर टीका अफवेच्या पातळीवर राहते आणि अफवेला उत्तर देण्याची सरकारला गरज भासत नाही. मुद्रणस्वातंत्र्याच्या कायद्यात दप्तर पाहण्याचा हक्क घातला गेला तो यामुळे. शिडेनियस आणि त्याचे सहकारी इतरांच्या पुढे होते ते नेमके येथे. इंग्लंडमधील छापखान्यावरची पूर्वतपासणी १६९५ मध्येच संपली होती, पण तेथील नागरिकाला सरकारी कागद मागण्याचा सर्वसाधारण कायदेशीर हक्क मिळायला विसावे शतक संपावे लागले.

त्या कायद्यानुसार न्यायालयांचे निकाल, खटल्यांतील कागदपत्रे, अधिकाऱ्यांचे निर्णय आणि पत्रव्यवहार, रिक्सडागचे कामकाज हे सारे मिळवण्याचा आणि छापण्याचा हक्क लोकांना मिळाला. परराष्ट्रांशी चाललेल्या नाजूक व्यवहारांसारख्या काही बाबी गुप्त राहिल्या. मागणी करण्याची रीत साधी होती. ज्या कचेरीत कागद असेल तेथे जायचे आणि तो मागायचा. तेथेच बसून त्याची नक्कल उतरवून घ्यावी किंवा अधिकृत प्रत मागावी. अधिकाऱ्याने ती विनाविलंब द्यावी. जो अधिकारी कागद देण्यास नकार देईल किंवा त्यात अडथळा आणील, त्याने आपले पद गमवावे, अशी शिक्षा दहाव्या कलमात होती. आपल्या २००५ च्या कायद्याशी याची तुलना करण्याचा मोह होतो. आपल्याकडे अर्ज लिहून द्यावा लागतो, केंद्र सरकारच्या कार्यालयासाठी दहा रुपये शुल्क भरावे लागते, उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते. कोणाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तास. उत्तर आले नाही तर तीस दिवसांत पहिले अपील, त्यानंतर नव्वद दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे. टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५ हजार रुपये दंड. पद जाण्याची भीती आणि पंचवीस हजारांची भीती यांत अंतर आहे. एक गोष्ट मात्र आपल्याकडेही चोख आहे : कागद कशासाठी हवा, हे अर्जदाराला सांगावे लागत नाही. आजच्या स्वीडनमध्ये तर मागणाऱ्याचे नाव विचारण्याचीही कार्यालयाला एरवी मुभा नसते.

हा कायदा २ डिसेंबर १७६६ रोजी जारी झाला, तेव्हा शिडेनियस सभागृहात नव्हता. त्याची हकालपट्टी झाली होती.

त्यामागची कथा पैशाची आहे. सत्तेवर आलेल्या कॅप पक्षाने महागाई रोखण्यासाठी चलनाची किंमत टप्प्याटप्प्याने वाढवून पूर्वीच्या पातळीवर नेण्याचे ठरवले. शिडेनियस याच पक्षाचा. पण हिशेब मांडून पाहिल्यावर हे धोरण घातक आहे अशी त्याची खात्री पटली. स्वस्त चलनात घेतलेले कर्ज महाग चलनात फेडायचे, म्हणजे कर्जदार बुडणार, कारखाने बंद पडणार आणि मजूर उपाशी राहणार. चलनाची घसरलेली किंमत मान्य करून ती तेथेच स्थिर करावी, असे त्याचे मत होते. सभागृहात निर्णय झाला होता तरी त्याने गप्प न बसता १७६६ मध्ये एक पुस्तिका छापून आपले म्हणणे जाहीर केले. स्वपक्षीयांना हे सहन झाले नाही. त्याच वर्षाच्या उन्हाळ्यात धर्मगुरूंच्या वर्गाने त्याला रिक्सडागमधून काढून टाकले आणि पुढील अधिवेशनांसाठीही त्याला दार बंद केले. मुद्रणस्वातंत्र्याचा मसुदा तयार करणाऱ्या माणसाला त्याच वर्षी, त्याच सभागृहाने, छापील मजकुरासाठी शिक्षा करावी, यावर अधिक भाष्याची आवश्यकता नाही. पुढे त्याचे भाकीत खरे ठरले. चलन महागले, दिवाळखोरी पसरली आणि १७६९ मध्ये कॅप पक्षाची सत्ता गेली.

शिडेनियस गावी परतला. वडील वारले होते. १७७० मध्ये कोक्कोलाच्या चर्चचे मुख्य पद त्याच्याकडे आले आणि आयुष्यभर त्याचा मुक्काम तेथेच राहिला. दरम्यान स्वीडनमध्ये वृत्तपत्रे आणि पत्रके यांना पूर आला होता. लोक दप्तरांतून कागद मिळवत होते, छापत होते, सरकारशी भांडत होते. हे फार काळ टिकले नाही. १७७२ मध्ये राजा तिसरा गुस्ताव याने सत्ता बळकावली आणि १७७४ मध्ये नवा हुकूम काढून मुद्रणस्वातंत्र्याला पुन्हा लगाम घातला. पहिल्या कायद्याचे आयुष्य जेमतेम सहा-सात वर्षांचे ठरले.

मात्र शिडेनियसचे त्या राजाशी पुढे बरे जमले, ही त्याच्या चरित्रातील थोडी अवघड जागा आहे. १७७८ च्या रिक्सडागमध्ये तो पुन्हा निवडून आला, तेव्हा त्याने राजाच्या बाजूने उभे राहणे पसंत केले. सरदार आणि व्यापाऱ्यांच्या टोळ्यांपेक्षा एक प्रबळ राजा गरिबांच्या अधिक उपयोगी पडेल, असा त्याचा होरा असावा. या काळातले त्याचे सर्वांत धाडसी लेखन शेतमजूर आणि घरगड्यांच्या बाजूने आहे. भूमिहीन माणसाने वर्षाच्या कराराने कोणाकडे तरी चाकरीला राहिलेच पाहिजे आणि मजुरी सरकारी नियमाने ठरेल तीच घेतली पाहिजे, असा त्या वेळचा दंडक होता. आपली मेहनत कोणाला आणि किती मोलाने विकायची हे ठरवण्याचा अधिकार चाकराला आहे, असे शिडेनियसने १७७८ मध्ये स्वतःच्या नावाने छापून मांडले. ज्या घरांत चाकर राबत होते त्या घरांतील प्रतिनिधींना ते रुचणे शक्य नव्हते. पुढच्याच वर्षी, परदेशातून येणाऱ्या अन्य धर्मपंथांच्या लोकांना स्वतःच्या श्रद्धेप्रमाणे उपासना करू द्यावी, असा प्रस्ताव त्याने मांडला. त्याच्या स्वतःच्या वर्गाने, म्हणजे धर्मगुरूंनी, त्याला कडाडून विरोध केला. तरी १७८१ मध्ये सहिष्णुतेचा राजहुकूम निघालाच.

अखेरच्या वर्षांत तो आपल्या चर्चच्या कामात गढून गेला. शेती आणि औषधपाणी सुरूच होते. शिवाय कोक्कोलातील त्याच्या निवासस्थानी वाद्यवृंद जमे आणि त्या आडवळणाच्या शहरात युरोपातले नवे संगीत ऐकू येई. १ फेब्रुवारी १८०३ रोजी, चौऱ्याहत्तराव्या वाढदिवसाला काही आठवडे उरले असताना, तेथेच त्याचे निधन झाले.

सहा वर्षांनी, १८०९ मध्ये, युद्धात हरलेल्या स्वीडनने फिनलंड रशियाला दिला. त्याच वर्षी स्वीडनमध्ये नवी राज्यघटना आली आणि पाठोपाठ १८१० व १८१२ च्या मुद्रणस्वातंत्र्याच्या कायद्यांत दप्तर पाहण्याचा हक्क परत आला. १९४९ च्या कायद्यात तो कायम राहिला आणि आजही तो तेथील घटनेचा भाग आहे. शिडेनियसची मायभूमी मात्र रशियाच्या झारच्या अमलाखाली गेली. स्वतंत्र फिनलंडने सरकारी कागदपत्रे खुली करणारा कायदा केला तो १९५१ मध्ये. १९८६ च्या मालिकेत एक हजार मार्कांची नोट निघाली, तेव्हा फिनलंडच्या मध्यवर्ती बँकेने तिच्यावर शिडेनियसचे चित्र छापले. चलनाविषयी बोलला म्हणून सभागृहाबाहेर काढलेला हा पाद्री २००२ मध्ये युरो येईपर्यंत फिनिश माणसाच्या खिशात होता.